एका डब्यातली जोडी

मामा माझे कुणीच लागत नाहीत. इमारतीतले सगळेच त्यांना मामा म्हणतात, कारण लिफ्ट अडकली की लोक आधी त्यांचं दार वाजवतात. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं. मागच्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा कंपनीनं त्यांना शाफ्टमधून, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या उभ्या पोकळीतून, काढून गोदामात बसवलं.

आमची ओळख दोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्येच झाली. म्हणजे मी लिफ्टमध्ये, ते लिफ्टच्या टपावर. साहित्यात एम.ए. होऊन मला दोन महिने झाले होते, हाताला काम नव्हतं, आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये थांबली.

वरून आवाज आला, "आत किती जण?"

"एकटीच."

"बरं आहे. दोन असले की भांडतात."

चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांनी मला काय शिकलीस ते विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ नुसता पान्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे तुला वाक्यं लिहिता येतात?"

"येतात बहुतेक."

"मला साठेक वाक्यं हवीत. मी एक गेम बनवतोय."

कोंडलेल्या माणसाला धीर द्यायला बोलत असतील, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं आणि गेम दाखवला. तेव्हा माझी पहिल्यांदा बोलती बंद झाली. दुसऱ्यांदा झाली ती मागच्या गुरुवारी. त्या गुरुवारबद्दलच लिहायला बसले आहे, पण आधी बुधवार सांगावा लागेल, आणि त्याच्याही आधी माझी चूक.

गेम साधा होता. बारा मजल्यांची इमारत, एक शाफ्ट, आणि त्यात काम करायला उतरलेला मेकॅनिक. खेळणारा म्हणजे तो मेकॅनिक. शाफ्टमध्ये शिरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप त्याचीच किल्ली. ही पायरी कुणी गाळली तर गेम लगेच काही करत नाही. तुम्ही टपावर चढता, पाना लावता, अर्धं काम उरकतं. मग खालून कुणीतरी मेन चालू करतं.

मामा संगणक कुठं रीतसर शिकलेले नाहीत. पन्नाशीनंतर रोज पहाटे व्हिडिओ पाहून शिकले. शाफ्टचे हजारो फोटो काढून त्यांनी प्रत्येक वीट, प्रत्येक ग्रीसचा डाग आत घातला होता. एकेक मजला लागेल तसा उघडला असता तर कॉम्प्युटरवर भार पडला नसता. मी तसं एकदा सुचवलंही.

"शाफ्टमध्ये उभं राहून वर बघितलंस कधी?"

"नाही."

"सगळं एकदम दिसतं. घाबरायला तेवढं लागतंच."

म्हणून बारा मजले एकदम मेमरीत. आणि म्हणून मेमरी पुरेना.

त्या कॉम्प्युटरवर आणखी एका व्यक्तीचा हक्क होता. मामी. दुपारी सगळं आवरलं की त्या कानाला हेडफोन लावून लढाईचा गेम खेळत. त्यांच्या तुकडीत कुठकुठल्या देशांतली पोरं होती, आणि आपली कप्तान चोपन्न वर्षांची आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. "आमचे हे दिवसभर एका माणसाला पडण्यापासून वाचवतात," मामी म्हणायच्या, "आणि मी तासाभरात चाळीस पाडते. घराचा तोल राहतो."

हा गेम नव्या मेकॅनिकांच्या प्रशिक्षणात ठेवावा, म्हणून मामा वर्षभर कंपनीच्या मागे लागले होते. प्रशिक्षण बघणारे साहेब टाळत होते. शेवटी त्यांनी गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली. चाळीस मिनिटं. न अडखळता चालला तर सोमवारी सुरू होणाऱ्या बॅचला पहिला आठवडा हा गेम. नाहीतर नेहमीसारखी पुस्तिका, एक सही, आणि मंगळवारपासून थेट खऱ्या शाफ्टमध्ये.

सोमवारच्या बॅचमध्ये मामांच्या जोडीदाराची मुलगी होती.

जोडीदार म्हणजे कामावरचा. लिफ्टची माणसं दोघादोघांनी काम करतात. मामांचा जोडीदार एकोणीस वर्षांपूर्वी शाफ्टमधल्या अपघातात गेला. त्यानं कुलूप लावलं नव्हतं. खालून कुणीतरी मेन चालू केला. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आता तिनं बापाचाच धंदा धरला होता. मामांनी तिला समजावून पाहिलं, तिच्या आईनं तर अबोलाच धरला, पण ती हटली नाही. "उतरणारच असेल तर निदान माझ्या शाफ्टमधून जाऊन मग उतरू दे," मामा म्हणाले. एवढंच ते तिच्याबद्दल बोलले होते.

आता माझी चूक.

मेमरी आणायला त्यांनी मला पाठवलं, कारण गोदामातून सुट्टी मिळत नव्हती. हातात चिठ्ठी दिली आणि चिठ्ठीतलं प्रत्येक अक्षर मला समजावून सांगितलं. आपल्या मदरबोर्डला पाचव्या पिढीची रॅम लागते. चौथीची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावला तरी बसत नाही, आणि जोर लावायचा नसतोच. रॅमच्या चार पट्ट्या नकोत, दोनच, बत्तीस-बत्तीसच्या. बोर्डावर पट्ट्यांच्या जागा चार असल्या तरी चारही भरल्या की बोर्ड वेग कमी करतो. उंची पस्तीस मिलिमीटरच्या आत, कारण वर प्रोसेसरचा पंखा आहे. पंख्याखालची जागा त्यांनी व्हर्नियरनं मोजली होती. नंबर लिहून दिला होता, बोर्ड बनवणाऱ्यांनी चालते म्हणून छापलेल्या यादीतूनच घेतलेला. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: एकाच डब्यातली जोडी.

दुकानदारानं चिठ्ठी वाचली. "ताई, कुणी लिहिलीय ही? डॉक्टर का?"

"मेकॅनिक."

"तरीच अक्षर लागतंय. जोडी संपली. पुढच्या आठवड्यात येईल. सुट्ट्या दोन आहेत. कंपनी तीच, नंबर तोच."

"एकाच डब्यातली हवी म्हणालेत."

"डबाच हवाय ना?" तो हसला. मागच्या फळीवरून त्यानं जोडीचा रिकामा डबा काढला. दोन वेगवेगळ्या पाकिटांतून दोन पट्ट्या काढून त्यात शेजारी शेजारी बसवल्या. "घ्या. लागलं लग्न."

मी बघत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती दोन दुकानांतून घेतल्या म्हणून आतली कथा बदलत नाही, अशी माझी समजूत. शिवाय पुढचा आठवडा म्हणजे गुरुवारच्या तोंडाशी. रिकाम्या हातानं परत जायला मन होईना.

मामांनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला, पट्ट्यांवरचा मोठा नंबर चिठ्ठीशी ताडला. कॅबिनेट उघडण्याआधी कॉम्प्युटरची वायर मागून उपटून त्यांनी ती गुंडाळून स्वतःच्या खिशात घातली. हे ते दर वेळी करत. मग जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या. टक्, टक्. छोटी चाचणी लावली, ती पार पडली. शाफ्ट उघडला. बारा मजले एका दमात वर गेले.

"शाबास, पंडित," ते म्हणाले. मला ते पंडित म्हणतात. "चिठ्ठीबरहुकूम माल आणणारा माणूस दुर्मिळ."

मी गप्प राहिले. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही. हे खरं आहे. पण त्या 'शाबास'नंतर मान किंचित खाली गेली होती, हेही खरं आहे.

पाचव्या दिवशी गेम पहिल्यांदा थांबला. चित्र जागच्या जागी गोठलं. माऊस हलेना. मामांनी वहीत वेळ लिहिली. सहाव्या दिवशी दोनदा. एकदा सहाव्या मजल्यावर, एकदा आठव्यावर. आठवा मजला महत्त्वाचा. तिथं मेकॅनिक टपावर चढून दोरांचा ताण सारखा करतो. मंगळवारी चार वेळा थांबला, त्यांतल्या तीन वेळा आठव्यावर.

बुधवारी त्यांनी रजा टाकली. मी नऊला गेले तेव्हा ते वहीवर वाकलेले होते. दाढी केलेली नव्हती. दाढीचे खुंट वाढलेले असे त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आठव्यावर माझंच काहीतरी चुकलंय," ते म्हणाले. "तिथला भाग मी सहादा लिहिलाय."

त्यांची पद्धत एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायचं. दोन बदलल्या तर दोष कुणाचा ते कळत नाही. आधी त्यांनी गेममधला उजेड काढला. गेम थांबला. उजेड परत घातला, आवाज काढला. अकराव्या मिनिटाला थांबला. मग मी लिहून दिलेली आठव्या मजल्यावरची वाक्यं काढली. सतराव्या मिनिटाला थांबला.

"तू सुटलीस," ते म्हणाले.

मी हसले. माझ्या मनात कुठलीच शंका नव्हती तेव्हा. हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

साडेअकरा वाजले. दर फेरीला वीस मिनिटं, आणि गुरुवारपर्यंतच्या फेऱ्या बोटांवर मोजता येत होत्या. साहेबांना फोन करून पुढची तारीख मागा, असं मी म्हटलं.

"पुढची तारीख म्हणजे पुढची बॅच. ही बॅच मंगळवारी उतरते."

मामी दारात उभ्या होत्या. हातात टॉवेल, चेहरा जरा वेगळा.

"एक सांगू? ओरडायचं नाही."

"बोल."

"तुमचा एकट्याचाच नाही अडकत. माझापण अडकला. परवा दोनदा, काल एकदा. ऐन छतावरून उडी मारताना."

मामा वळले. प्रात्यक्षिक होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असं त्यांनी मामींना बजावलं होतं. हेडफोन कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं.

"कपाटाला कुलूप होतं."

"एकतीस वर्षं कुलपं लावताय, दुसरी किल्ली कुठं ठेवता ते मला ठाऊक नसेल?"

मामा ओरडले नाहीत. खुर्चीत ताठ झाले. "तुझ्या गेममध्ये माझी एक ओळ नाही," ते हळू म्हणाले. "मग दोष माझ्या ओळीत नाही."

त्यांनी पेनड्राईव्हवरून मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला, या वेळी लांबचा. काळ्या पडद्यावर आकडे पळायला लागले. आम्ही तिघं पाहत उभे. चौदाव्या मिनिटाला एक लाल ओळ आली. मग तीन. मग पडदा लालच झाला.

वायर खिशात गेली. कॅबिनेट उघडलं. त्यांनी दोन्ही पट्ट्या काढून वर्तमानपत्रावर शेजारी ठेवल्या आणि भिंग आणलं. मोठा नंबर सारखा होता. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात आणखी एक आकडा होता, आणि तो दोन्हींवर वेगळा होता. नाव एक, नंबर एक, पण आत बसवलेल्या चिप वेगळ्या घडणीच्या.

मामांनी दोन्ही आकडे पुन्हा ताडले. मग भिंग ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"एकाच डब्यातल्या ना गं?"

त्या क्षणी मला खोटं बोलता आलं असतं. डबा समोर होता. दोष दुकानदाराचा, कारखान्याचा, कुणाचाही निघाला असता.

"नाही," मी म्हणाले. "दोन पाकिटांतल्या. डबा रिकामा होता. त्यानं माझ्यासमोर घातल्या."

मामी आत गेल्या. त्यांचं आत जाणं मला सगळ्यात जास्त लागलं.

"किती दिवस झाले?"

"नऊ."

"नऊ." ते खिडकीकडे बघत राहिले. "नऊ दिवस चालतील."

मला काही समजलं नाही. शिव्या खायला मी तयार होते, त्या आल्या नाहीत. त्याऐवजी ते सांगायला लागले. लिफ्ट एका दोरावर लटकत नाही. चार, पाच, सहा दोर असतात, शेजारी शेजारी. एक खराब झाला तरी बदलायचे सगळे. आणि तेही एकाच रिळातून कापलेले. जाडी तीच, कंपनी तीच, तरी दुसऱ्या रिळातला दोर वेगळा ताणतो. चौघांच्या चालीनं चालत नाही. मग कधी तो ढिला, कधी बाकीचे. लिफ्ट झटके देते. महिन्या-महिन्याला कुणाला तरी टपावर चढून ताण सारखा करावा लागतो.

"म्हणून दोनदा अधोरेखित केलं होतं," ते म्हणाले. मग थांबले. पुढं काहीतरी होतं, ते त्यांनी गिळलं.

मी दुकानात फोन लावला. जोडी आली नव्हती. शनिवारी येईल. आणखी चार दुकानं केली. कुठं चौथी पिढी, कुठं पंख्याला अडणारी उंच, कुठं यादीत नसलेली. जुन्या पट्ट्या परत घालून पाहिल्या. शाफ्ट सातव्या मजल्यापर्यंत भरला आणि मेमरी संपल्याचा निरोप आला.

दुपारचे दोन वाजले होते.

"आता?" मी विचारलं.

मामांनी वेगळ्या घडणीच्या त्याच दोन पट्ट्या उचलून परत बसवल्या. मी तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.

"टपावर माणूस उभा असताना लिफ्ट कशी चालवतात, माहितीय? तपासणीच्या वेगानं. मुंगीच्या चालीनं. त्या चालीला दोरांचं भांडण कमी."

मशीन सुरू होताना त्यांनी एक कळ दाबून धरली आणि आतल्या सेटिंगची पानं उघडली. डब्यावर छापलेला मेमरीचा मोठा वेग तिथं नोंदवलेला होता. तो त्यांनी काढून टाकला. खाली साधा वेग उरला, कुठल्याही पट्टीला झेपेल असा.

"पण गेम अडखळेल."

"अडखळला तर साहेब तोंड वाकडं करतील. थांबला तर उठून जातील."

लांबची चाचणी पुन्हा लागली. पूर्ण व्हायला कित्येक तास हवे होते. पहिला तास लाल काही आलं नाही. दुसराही नाही. संध्याकाळी मी घरी जायला निघाले तेव्हा मामींनी दारात चहाचा कप हातात दिला. दिवसभरात त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

"सांगितलंस ते बरं केलंस. पण पुढच्या वेळी नवव्या दिवशी नको."

रात्री मला झोप लागली नाही, एवढंच. सकाळी सातला मामींचा निरोप आला. एकही लाल ओळ नाही. आणि खाली: दाढी केली.

कंपनीचं कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. कॅबिनेट मामांनी उचललं होतं, मॉनिटर मी. ते सरळ जिन्याकडे वळले.

"मामा, लिफ्ट आहे की. तुमचे गुडघे..."

"आवाज ऐकलास तिचा? तिसरा दोर ओरडतोय. माझी मशीन मी नाही घालणार तिच्यात."

प्रशिक्षणाच्या खोलीत साहेब आधीच बसले होते, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवून. शेजारी जोडीदाराची मुलगी. साहेबांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं, बॅचमधलं कुणीतरी खेळून बघू दे म्हणून. हे मामांना ठाऊक नव्हतं. कॅबिनेट टेबलावर ठेवताना त्यांचा हात अर्धा क्षण थांबला.

"काका, बरे आहात?" ती म्हणाली. उंच मुलगी, केस घट्ट बांधलेले, कमरेला आत्तापासूनच स्वतःचं लाल कुलूप लटकत होतं.

"बस, पोरी."

तिनं माऊस धरला. अकरा वाजून दोन मिनिटांनी शाफ्ट उघडला. बारा मजले भरायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग शाफ्ट वर गेला, आणि साहेबांची मानही नकळत वर गेली.

ती सावकाश खेळत होती. मेन बंद केला. कुलूप लावलं. किल्ली खिशात. दुसरा मजला, तिसरा. चित्र मधूनमधून अडखळत होतं, आणि प्रत्येक अडखळीला मला वाटायचं, संपलं. मामा पडद्याकडे बघतच नव्हते. ते कॅबिनेटच्या पंख्याचा आवाज ऐकत होते. सहावा मजला. सातवा. मी टेबलाखाली स्वतःचंच मनगट धरून बसले होते.

आठव्या मजल्यावर ती टपावर चढली आणि चित्र थांबलं.

साहेबांनी घड्याळ उचललं. मामांनी डोळे मिटले. मी मोजत होते. एक. दोन. तीन.

चित्र हललं. ती हातात पाना घेऊन दोरांसमोर उभी होती.

साहेबांनी घड्याळ परत ठेवलं. ती पाना लावायला पुढं झाली, आणि थांबली. या वेळी मशीन नाही, ती थांबली.

"काका, हा पाचवा दोर वेगळा आहे."

मी पाहिलं. चार दोर करडे होते. पाचवा किंचित पिवळट. दोन वर्षांत मला तो कधी दिसला नव्हता.

"हो," मामा म्हणाले.

"मुद्दाम केलाय?"

"गेममध्ये मुद्दाम. त्या लिफ्टला..." त्यांनी टेबलाची कड धरली. "पोरी, त्या लिफ्टचे दोर मी बदलले होते. गोदामात रीळ संपलं. पाचवा दुसऱ्या रिळातला लावला. नोंदवहीत लिहिलं नाही. दर महिन्याला तो ढिला पडायचा. तुझा बाप दर महिन्याला टपावर चढायचा आणि मला म्हणायचा, या दोराला झालंय तरी काय. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला तो चढला, तेव्हा मी दुसऱ्या कामावर होतो."

साहेब घड्याळ विसरले होते. बुधवारचं ते 'नऊ दिवस चालतील' मला आत्ता कळत होतं. एकोणीस वर्षांपुढं नऊ दिवस.

ती पडद्याकडेच पाहत होती.

"कुलूप लावलं असतं तर वाचले असते," ती म्हणाली.

"वाचला असता. पण चढावंच लागलं नसतं."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

पडद्यावरचा मेकॅनिक पाना धरून वाट बघत होता.

"मी नाही सांगणार तिला," ती म्हणाली. "तुम्ही या. रविवारी. मी घरी असेन."

"येतो."

मग तिनं पाना लावला. दोरांचा ताण सारखा केला, पाचव्यासकट. खाली उतरली, खिशातली किल्ली काढली, कुलूप उघडलं. चाळीस मिनिटांच्या जागी बावन्न झाली होती. हुंदका वगैरे काही आला नाही. फक्त माऊसवरचा हात काढल्यावर तिनं तो दुसऱ्या हातानं चोळला.

साहेब उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. ते मामांना काय म्हणतील याची मला धास्ती होती. जे ऐकलं ते साधं नव्हतं.

"ते लेखी द्यावं लागेल तुम्हाला," ते म्हणाले.

"देतो. आजच देतो."

"आणि हे यंत्र सोमवारी आठला इथं हवं. पहिला आठवडा बॅचला हेच. तो पाचवा दोर काढू नका."

जिना उतरताना मामा दर मजल्याला थांबत होते. मी गुडघ्यांबद्दल विचारलं नाही. मामींचा निरोप आला होता: चालला का? मी लिहिलं: चालला. बाकीचं त्यांनी मामांकडून ऐकायचं होतं.

रविवारी ते एकटेच गेले. तिथं काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. मामी म्हणाल्या, "आल्यापासून गप्प आहेत. पण जेवले."

सोमवारी सकाळी साडेसहाला मामांनी मला बोलावलं. शनिवारी आलेली जोडी टेबलावर होती, डब्याचं सील शाबूत. वायर त्यांच्या खिशात होती. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि भिंग दिलं.

"फोड. आणि खालचा बारीक आकडा वाच. दोन्हींवरचा. मोठ्यानं."

मी पहिल्या पट्टीवरचा वाचला, अंकाअंकानं. मग दुसऱ्या पट्टीवरचा.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला. त्यांनी पट्ट्या घेतल्या आणि खाचेत बसवल्या, आधी एक, मग दुसरी. मामी हेडफोन गळ्यात अडकवून दारात उभ्या होत्या. आठच्या आत एक डाव होतो का, असं त्यांनी विचारलं. मामांनी खिशातली वायर काढून त्यांच्या हातात दिली.